पपनसाचा जामीन

माझा भाऊ ॲन्सेल्म याच्या हाताला गुण होता, असं आमच्या पापडी गावातले जुने लोक अजून सांगतात. होता, मी नाही कशाला म्हणू? त्याने लावलेली केळ वाऱ्याने कधी आडवी झाली नाही आणि त्याच्यासारखा टपोरा मोगरा आमच्या आळीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. त्याच हाताने त्याने माझ्या वहिनीचे पुढचे दोन दात पाडले. ते मात्र कुणी सांगत नाही, म्हणून मला सांगावं लागतं.

वहिनीचं नाव सालोमी. माहेर राजोडीचं, समुद्राला लागून असलेल्या रेताड वाडीतलं. लढाईच्या दिवसांत, त्रेचाळीस साली, ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा तिच्या ट्रंकेबरोबर एक फुटकं मडकं होतं आणि मडक्यात वीतभर उंचीचं पपनसाचं रोप. माहेरी खाल्लेल्या फळाची बी तिने स्वतः रुजवली होती. माझी आई रेजिना मडक्याकडे बघून म्हणाली, की सून आली ती आली, येताना माती पण घेऊन आली. सालोमी हसली. तिला वाटलं सासूबाई थट्टा करतायत. आमच्या आईने उभ्या जन्मात कुणाची थट्टा केली नव्हती.

रोप तिने न्हाणीच्या मागे लावलं, आंघोळीचं पाणी वाहून जायचं तिथे. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. पुढे प्राथमिक शाळेत शिकवायला लागले तरी त्याच घरात राहिले, त्यामुळे जे झालं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. ऐकीव यात काही नाही.

सालोमीला एक सवय होती. घरातली कामं सुरू व्हायच्या आधी, उजाडता उजाडता, ती वाडीत एक फेरी मारायची. नुसती बघायला. आमच्या घरातलं कुणी नुसतं बघायला वाडीत जात नसे. आम्ही पाणी लावायला जायचो, खुरपायला जायचो, फुलं खुडायला जायचो. ही मात्र हात मागे बांधून वाफ्यावाफ्यापाशी थांबायची. फेब्रुवारी सरत आला की तिला घर पुरेनासं व्हायचं. छाटून खराट्यासारखा झालेला मोगरा तांबूस पालवीने भरायचा, केळीचं गुंडाळलेलं पान एका रात्रीत हातभर उलगडायचं, सोनचाफ्याच्या शेंड्याला पहिली कळी दिसायची. ती आत येऊन चुलीपाशी माझ्या कानात बातमी सांगायची, की कारल्याने आज मांडव पकडला, की रामफळाची सगळी पानं गळली पण डोळे फुटलेत. असल्या बातम्या मी कुणाकडून ऐकल्या नव्हत्या. जन्मापासून ज्या वाडीत वाढले ती वाडी मला या बाईने दाखवली, आणि त्याचा मला आनंद व्हायचा हे मी कबूल करते. त्या दहा मिनिटांत आमच्या घरात सुख असायचं.

बाकीचा दिवस ॲन्सेल्मचा.

त्याचं एक ठरलेलं बोलणं होतं. मारल्याशिवाय काही मिळत नाही. हे तो मोगऱ्याकडे बोट दाखवून सांगायचा. आणि मोगऱ्याच्या बाबतीत ते खरंही होतं. जानेवारीत तो मोगऱ्याचं पाणी तोडायचा, महिनाभर झाडं तहानेली ठेवायचा, मग पानं ओरबाडून काढायचा आणि कोयत्याने गुडघ्याच्या उंचीवर सगळी सपासप छाटायचा. मुळं उघडी पाडून त्यांना ऊन दाखवायचा. मग शेणखत, पेंड आणि पाणी. मार्चमध्ये त्या झाडांवर पान दिसू नये इतक्या कळ्या यायच्या. रहाटाचा रेडाही मारानेच फिरतो, नारळही आपटल्यावरच फुटतो, असं तो म्हणायचा. ऐकणारे माना डोलवायचे. या हिशोबात पुढचं नाव कुणाचं लागणार हे कळायला फार डोकं लागत नव्हतं.

पहिली थप्पड लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात पडली, कालवणात मीठ जास्त झालं म्हणून. नंतर कारणं लागेनाशी झाली. दात पाडले ते रहाटाच्या चाबकाच्या दांड्याने. एकदा केसांना धरून विहिरीच्या कठड्यावर डोकं आपटलं, तेव्हा डॉक्टरांना सांगितलं की शेवाळ्यावरून घसरली. सांगितलं कुणी? मीच. घरात शाळा शिकलेली मीच होते ना, डॉक्टरांशी बोलायला. दोनदा तिला दिवस राहिले आणि दोनदा गेले. दुसऱ्यांदा का गेले ते घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण लाथ बसली तेव्हा आम्ही सगळे जेवत होतो. आई ताटातलं उचलून तोंडात घालत राहिली. मीही.

आता आमच्या आळीतल्या एका चालीविषयी सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधीच्या गुरुवारी चर्चच्या घंटा मुक्या होतात. शुक्रवारी लोकांना लाकडी ठोकळे वाजवून बोलावतात. तेव्हाच्या काळी शनिवारी सकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चच्या मोठ्या प्रार्थनेत, ग्लोरियाचं स्तोत्र सुरू झालं की घंटा पुन्हा वाजायच्या. आमच्या आळीतल्या काही घरांतला एकेक पुरुष त्या सकाळी मिस्साला न जाता कोयता घेऊन वाडीत थांबायचा. घंटा सुरू झाली की न फळणाऱ्या झाडापाशी जायचं, कोयत्याच्या पाठीने खोडावर मारायचं आणि तीनदा विचारायचं, "देतंस की तोडू?" मग घरातल्याच दुसऱ्या कुणीतरी पुढे होऊन म्हणायचं, "ह्या सालचं सोड, पुढच्या सालाला मी जामीन." की झालं, झाडाला एक वर्षाची मुदत मिळाली. ज्याचं झाड त्याला जामीन राहता येत नसे. फादरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण फादरांच्याही अंगणात एक न फळणारा चिकू होता.

सालोमीचं पपनस चौथ्या वर्षी डोक्याएवढं उंच झालं, काटे आले, पानं आली, फूल काही येईना. बियांवरचं पपनस फुलायला सात-आठ वर्षं घेतं ही गोष्ट तेव्हा आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. आम्ही फुलांची, केळीची माणसं. आमची झाडं वर्षाच्या आत बोलायची. ॲन्सेल्मने पपनसाला कोयता दाखवायला सुरुवात केली आणि जामीन राहायचं माझ्याकडे आलं. दर वर्षी पास्काच्या शनिवारी मी न्हाणीमागे उभी राहून ते वाक्य म्हणायचे, सगळे हसायचे आणि भाऊ कोयता खांद्यावर टाकून आत जायचा. सालोमी तेवढा वेळ स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभी असायची. तिच्या चेहऱ्यावर हसू नसायचं.

एकदा मी तिला विचारलं, की एवढं काय त्या झाडात. ती म्हणाली, की तिला ते न मारता फुललेलं बघायचंय. एवढंच. या घरात एक तरी वस्तू मार न खाता फुलावी आणि ती ॲन्सेल्मने बघावी. मला तेव्हा ते पोरकट वाटलं. कोयत्याच्या पाठीचे फटके कुठे लागतात झाडाला, असं काहीतरी मी बोलले. तिने माझ्याकडे बघितलं आणि तांदूळ निवडायला घेतले.

पन्नास सालच्या पावसाळ्यात तिने पपनसाच्या एका फांदीला गुटी बांधली. राजोडीला तिचा भाऊ व्हिन्सेंट होता, त्याच्याकडून ती हे शिकली होती. फांदीची बोटभर साल गोल काढायची, त्यावर चिखल आणि शेणाचा गोळा थापायचा, वरून गोणपाट बांधायचं आणि पावसाला बाकीचं करू द्यायचं. मी गोणपाट धरलं, तिने काथ्याने बांधलं. दोन-अडीच महिन्यांनी गोळ्यातून पांढरी मुळं बाहेर डोकावली तेव्हा तिने फांदी कापून व्हिन्सेंटकडे राजोडीला धाडली. ॲन्सेल्मने विचारलं, फांदी कुठे गेली. तिने सांगितलं, वाऱ्याने मोडली. खोटं बोलल्याबद्दल त्याने मारली असती, पण त्याला ते कळलं नाही, आणि वाऱ्याला मारता येत नव्हतं.

एकावन्न साली पास्काचा सण फार लवकर आला. मार्चच्या पंचवीस तारखेला. हा सण चंद्राच्या हिशोबाने मागेपुढे होतो, कधी मार्चमध्ये येतो, कधी एप्रिल संपता संपता. झाडाला ते कुठून कळणार? पण आमच्याकडे झाडाची तारीख लागायची ती याच सणाने. ॲन्सेल्मने पास्काआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या आठवड्यातच जाहीर करून टाकलं, की आठ वर्षं पुष्कळ झाली, यंदा जामीनबिमीन काही चालणार नाही, पपनस तुटणार आणि त्या जागी केळी लागणार. हे बोलताना तो झाडाकडे बघतच नव्हता. तो सालोमीकडे बघत होता. आईने मध्येच भर घातली, की न फळणारं काहीच ठेवू नये, घराला चांगलं नसतं.

त्या वर्षीचा वसंत मला आजही जसाच्या तसा आठवतो, कारण सालोमीने तो तारखेशी शर्यत लावल्यासारखा बघितला. वाडी नुसती उसळली होती. मोगरा फुलला, अबोली फुलली, शेवगा पांढरा झाला, पडवळाच्या वेलाने मांडव ओलांडून विहिरीकडे हात टाकले. ती मात्र सगळं सोडून पपनसाच्या एकेका काटेरी फांदीखाली मान वर करून उभी राहायची. हात ओरबाडून निघाले होते. तिने त्याला भांडी धुतलेलं पाणी घातलं, मासळीची डोकी पुरली, आणि रोज सकाळी चुलीपाशी येऊन मला एकच बातमी दिली, "नाय."

झावळ्यांच्या रविवारी, पास्काच्या बरोब्बर आठवडाभर आधी, ॲन्सेल्मने तिला अंगणात मारली. चर्चमधून आणलेली झावळी तिने दारावर खोचायच्या आधी पपनसाला बांधली म्हणून. त्याने ती सोडवून तिच्याच तोंडावर ओढली. नारळीच्या पात्याला धार असते. गालावर तीन रेघा उठल्या आणि रक्त हनुवटीवरून लुगड्यावर आलं. शेजारचा बॅप्टिस्ट कुंपणापलीकडे रेड्याला पाणी दाखवत होता. त्याने रेड्याचं तोंड दुसरीकडे वळवलं. मी ओटीवर वह्या तपासत होते. मी तपासत राहिले. वर्षातून एकदा झाडासाठी मला जे वाक्य म्हणता येत होतं, ते त्या बाईसाठी आठ वर्षांत एकदाही माझ्या तोंडातून निघालं नव्हतं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं. जाणवून काय झालं? काहीच नाही.

पास्काच्या आधीच्या शुक्रवारी, ख्रिस्त क्रुसावर गेला त्या दिवशी, आमच्याकडे कुणी झाडाला लोखंड लावत नाही, जमीन खणत नाही. त्या सकाळी सालोमी आत आली आणि माझा हात धरून मला न्हाणीमागे घेऊन गेली. विहिरीच्या बाजूच्या एका फांदीवर, पानाच्या बगलेत, तांदळाच्या दाण्याएवढ्या हिरवट-पांढऱ्या कळ्या होत्या. पहिल्या झुबक्यात पाच. मग दुसरा झुबका दिसला, मग दिसतच गेले. तिने एका कळीला नखाने नुसता स्पर्श केला आणि बोट माझ्या नाकाशी धरलं. तिला रडू फुटलं होतं आणि पडलेल्या दातांच्या फटीतून ती हसतही होती. मलाही हुंदका आला. आम्ही दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिलो, सणाच्या सर्वांत दुःखाच्या दिवशी, आणि आमच्याइतकं सुखी त्या क्षणी पापडीत कुणी नसेल.

मी म्हटलं, चल, दादाला दाखवू. तिने मान हलवली.

"त्याला सांगू नको," ती म्हणाली. "कळी बगून सोडलं तर ते सोडनं नाय. उद्या तू जामीन राहा. तुज्या शब्दावर सोडू दे. एकदा तरी ह्या घरात बाईच्या शब्दावर कायतरी सुटू दे."

मी हो म्हटलं. मला वाटलं, तो सोडेल.

शनिवारी घंटा वाजल्या तेव्हा आम्ही सगळे न्हाणीमागे होतो. आई मिस्साला गेली नव्हती, गुडघे दुखतात म्हणून. बॅप्टिस्ट त्याच्या वाडीत स्वतःच्या फणसाला दमात घेऊन मोकळा झाला होता आणि आता कुंपणावर कोपर टेकून गंमत बघत होता. ॲन्सेल्मने तीनदा विचारलं, "देतंस की तोडू?" त्याच्या कोयत्याची पाठ झाडाकडे नव्हती. धार होती.

मी पुढे झाले. "ह्या सालचं सोड, दादा. पुढच्या सालाला मी जामीन."

"तू चार वर्षं जामीन," तो म्हणाला. "तुला कोण धरतं?" आणि त्याने मला छातीवर हात ठेवून ढकललं. मी चिखलात बसले. माझ्या डोक्यावरून कोयता गेला आणि खोडात खच्चकन रुतला. सालोमीच्या तोंडून असा आवाज आला, की कोयता तिलाच लागला असावा.

"थांब," मी ओरडले. "कळ्या आल्यात."

त्याने वर बघितलं. फांदी हाताने खाली ओढली, काट्यांची पर्वा न करता, आणि बराच वेळ बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. लहान मुलासारखा खूश झाला तो. "बघ," तो बॅप्टिस्टला म्हणाला, "एका घावात. चार वर्षं पाठीने मारलं, काही नाही. एकदा धार लावली आणि बघ."

मला म्हणायचं होतं, कालच आल्या होत्या. एवढंच म्हणायचं होतं. सालोमी माझ्याकडे बघत होती. चिखलात बसल्या बसल्या मी माझ्या भावाचा तो खुललेला चेहरा बघितला आणि पदराचा चिखल पुसायला लागले. घंटा वाजत होत्या.

बॅप्टिस्ट कुंपणावरून म्हणाला, की मग घरातल्या दुसऱ्या झाडालाही असाच एक नीट घाल, पुढच्या पास्काला पाळणा हलेल. ॲन्सेल्म खो खो हसला. आईही हसली. मी आईला हसताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे, त्यातली ती एक.

सालोमी हसली नाही, रडलीही नाही. ती झाडापाशी गेली, खोडात रुतलेला कोयता दोन्ही हातांनी हलवून काढला आणि घाव घालायला लागली. झाडावर. पहिला, दुसरा, तिसरा. पपनसाचं खोड मनगटाहून जाड होतं आणि लाकूड चिवट. ढलपे उडत होते, ती दात-ओठ खात घाव घालत होती. प्रत्येक घावाला कळ्या खाली सांडत होत्या, तिच्या केसांत, चिखलात, माझ्या अंगावर. सगळीकडे तो वास पसरला.  झाड कलंडलं तेव्हा ॲन्सेल्मला जाग आली. त्याने शिवी घातली आणि मागून जाऊन तिचा अंबाडा धरला.

तिने मागे न बघता हात फिरवला. कोयता त्याच्या उजव्या हाताला कोपराखाली लागला आणि मनगटापर्यंत उघडत गेला. तो मागे सरकला, पाटात पाय अडकला आणि मोगऱ्याच्या वाफ्यात पाठीवर पडला. रक्त चिळकांडीने उडत होतं. पांढऱ्या कळ्यांवर, पानांवर, त्याच्या शर्टावर. ती त्याच्या छातीवर गुडघा टेकून बसली आणि तिने कोयत्याची धार त्याच्या गळ्याला लावली. गळ्यातली क्रुसाची साखळी पात्याखाली दबली होती.

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आठ वर्षांत तिने त्याला हाक मारली नव्हती.

"ॲन्सेल्म," ती म्हणाली, "देतंस की तोडू?"

त्याचे डोळे पांढरे झाले होते. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. तिने दुसऱ्यांदा विचारलं. मग तिसऱ्यांदा. आई जमिनीवर बसून क्रुसाची खूण करत होती, पण तोंड उघडत नव्हती. बॅप्टिस्टच्या जागी नुसतं कुंपण होतं. पात्याखालून रक्ताची बारीक रेघ निघाली.

"तुजा जामीन कोन?" तिने विचारलं.

घंटा थांबल्या होत्या. ती त्याला मारणार होती, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आज तर नाहीच नाही.

"मी," मी म्हटलं. "ह्या सालचं सोड, वयनी. पुढच्या सालाला मी जामीन."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं मी काय सांगू? राग असता तर बरं झालं असतं. आठ वर्षं तिने ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य मी पहिल्यांदा माणसासाठी उच्चारलं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं. तिने थोडा वेळ विचार केला. मग ती उठली. माझ्या भावाने माझ्या शब्दाला किंमत दिली नाही, तिने दिली.

कोयता तिने विहिरीत टाकला. रक्ताने भरलेल्या लुगड्यानेच ती फाटकातून बाहेर पडली आणि राजोडीपर्यंत चालत गेली. वाटेत तिला पुष्कळांनी बघितलं, पण कुणी अडवलं नाही.

हात कसा कापला, तर ॲन्सेल्म कोयत्यावर पडला, असं डॉक्टरांना सांगितलं. ते सांगायलाही मीच होते. टाके पडले, जखम भरली, पण त्या हाताची मूठ पुन्हा वळली नाही. पुढच्या जानेवारीत मोगरा मी छाटला. त्यानंतर त्याने कुणावर हात टाकल्याचं मी पाहिलं नाही. तो सुधारला असं मी म्हणणार नाही. हात निकामी झाला होता, एवढंच मला माहीत आहे. पण जामीन मी राहिले होते, म्हणून त्याच्यावर नजर ठेवणं माझं काम झालं. मला मागण्या येत होत्या, मी नाही म्हणत गेले. आळीत मात्र गोष्ट एकच राहिली, ॲन्सेल्मने एका घावात पपनस फुलवलं. बॅप्टिस्टने ती जन्मभर सांगितली, पुढचा भाग गाळून. आमच्या शेजारच्या दोन घरांत नवऱ्यांनी बायकांना मारताना हा दाखला दिला होता, हे मला त्या बायकांनीच सांगितलं.

त्रेपन्न सालच्या मार्चमध्ये व्हिन्सेंटचा निरोप आला, की बहिणीने बोलावलंय. मी राजोडीला गेले. दोन वर्षांत आम्ही भेटलो नव्हतो. रेतीतल्या त्या वाडीत मिरच्या होत्या, दुधीचा मांडव होता, झेंडू होता, आणि सालोमी त्यांच्यामधून हात मागे बांधून चालत होती. केस पुष्कळ पिकले होते. गालावरच्या तीन रेघा तशाच होत्या. तिने मला कोपऱ्यात नेलं.

गुटीचं पपनस माझ्या छातीएवढं झालं होतं आणि फुलांनी लगडलं होतं. जाड पाकळ्यांची मेणचट पांढरी फुलं, मधमाश्या नुसत्या घोंघावत होत्या. खाली रेतीवर पाकळ्यांचा सडा. मी वाकून वास घेतला आणि मला एकदम ती शुक्रवारची सकाळ आठवली. ती माझ्या बाजूला उभी होती, तशीच मान वर करून. एका फुलाच्या मागे हिरवी गोटी धरली होती, ती तिने मला पान बाजूला करून दाखवली. तिच्या चेहऱ्यावर तेच दात नसलेलं हसू होतं.

"ह्याला कोनी हात लावला नाय," ती म्हणाली. "ना मी, ना व्हिन्सेंटने. नुसतं पानी घातलं."

मी मान हलवली.

"जामीन चालू हाय ना तुजा?"

"हाय," मी म्हटलं.

तिने एक फुललेली फांदी तोडून माझ्या हातात दिली आणि मिरच्यांना पाणी सोडायला गेली.

घरी आले तेव्हा ॲन्सेल्म जेवायची वाट बघत बसला होता. मी फांदी त्याच्यासमोर पाटावर ठेवली. सांगितलं, की वहिनीने गुटी बांधली होती, त्या झाडाची आहे, कुणी बोटसुद्धा लावलं नाही आणि फुललं. त्याने डाव्या हाताने फांदी उचलली, वास घेतला. मग म्हणाला, की मार खाल्लेल्या झाडाचंच पोर ते, आईचा धाक उतरला असेल त्याच्यात.

"गुटी तू घाव घातलास त्याच्या आदल्या पावसाळ्यात बांधली होती," मी म्हटलं. "गोणपाट मी धरलं होतं. आणि पापडीच्या झाडाला कळ्या शुक्रवारी सकाळी आल्या होत्या, दादा. तू कोयता उचलायच्या आदल्या दिवशी. मी बघितल्या होत्या."

 फांदी त्याच्या हातात होती आणि पाकळ्या एकेक करून ताटात पडत होत्या. मला वाटलं तो संतापेल, किंवा मला खोटारडी म्हणेल. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, अगदी हळू आवाजात, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"मग तू तेव्हा का बोलली नाहीस?"

मी फांदी त्याच्या हातातून घेतली, तांब्यातल्या पाण्यात ठेवली आणि त्याला भात वाढला.